पन्हाळ्याच्या आक्का

कसबा बावड्यात शालूबाईची चटणी एकदा खाल्लेला माणूस दुसऱ्या घरी जेवायला बसला की आधी तोंड वाकडं करायचा. कांदा-लसणाची चटणी कोल्हापुरात घरोघरी होते, त्यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. म्हणू दे बापडं. चैत्र-वैशाखात मिरची कुटून बरण्या भरल्या की त्या घरचं वर्षभराचं कालवण ठरून जातं. चटणी फसली तर बारा महिने मटणाला चव नाही की पिठल्याला रंग नाही. शालूबाईची चटणी लग्न झाल्यापासून एकदाही फसली नव्हती, आणि हे ती कुणाला विसरूही देत नव्हती.

एवढी हाताला चव असलेल्या बाईनं मनानंही मोकळं असावं की नाही? पण देव सगळं एकाच ताटात वाढत नाही.

घर दोन मजली. खाली थोरला पिराजी आणि त्याची बायको शालूबाई. वर धाकटा विजयसिंह, कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत एका कंपनीत कामाला, आणि त्याची बायको स्वप्नाली. सासूबाई, म्हणजे चिमणाबाई, गेल्यावर चुली वेगळ्या झाल्या आणि भांड्यांची वाटणी झाली. सासूबाईंच्या रिवाजाप्रमाणे प्रत्येक भांड्याच्या काठावर त्यांचं नाव कोरलेलं होतं. मोठी पितळी परात शालूबाईनं खाली ठेवली, तिच्या जोडीचं पातेलं वर गेलं. भांडण झालं नाही. भांडायला दोघींची वयं तरी जुळायला पाहिजेत. शालूबाईची लेक तेजस्वी आणि स्वप्नाली यांच्यात जेमतेम सात-आठ वर्षांचं अंतर.

स्वप्नाली हातकणंगल्याची. आई लहानपणीच गेलेली, घरात बाप आणि दोन भाऊ, चटणी यायची ती दुकानातल्या पुडीतनं. सासरी आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात ती शालूबाईपुढं येऊन बसली.

"ताई, मला चटणी शिकवा की."

"त्यात शिकवायचं काय?" शालूबाई म्हणाली. "अंदाजानं घालतो मी. माप कुठं हाय त्याला?" आमच्याकडं बायकाही 'घालतो-करतो'च म्हणतात, त्याला इलाज नाही.

आता हे खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. अंदाज होता, पण तो बघून शिकता येतो की. तर शालूबाईनं बघूही दिलं नाही. मसाला भाजायची वेळ आली की ती हाक मारायची, "स्वप्नाली, जा ग, गिरणीतनं दळण घेऊन ये." पोरगी दळण घेऊन येईपर्यंत भाजणं उरकलेलं. असं दोन उन्हाळे झालं. का? तर पिराजी घुम्या, लेक लग्न होऊन पिंपरीला गेलेली, आणि 'शालूबाई' म्हटलं की लोकांना आठवायची ती फक्त चटणी. तीच वाटून टाकली तर आपलं म्हणून काय राहिलं, हे भय तिच्या पोटात बसलं होतं.

तिसऱ्या वर्षी स्वप्नालीनं विचारायचं सोडलं आणि मोबाईल उघडला.

फेसबुकवर 'चटणीवाल्या मैत्रिणी' नावाचा एक ग्रुप होता. त्यात हातकणंगल्याची बेगम मुल्लाणी होती, जिच्या गरम मसाल्याला तोड नव्हती. नवऱ्याबरोबर मस्कतला गेलेली गडहिंग्लजची वर्षाराणी होती. ती तिथं गॅलरीत कांदा वाळवायची, मिक्सरवर चटणी करायची आणि गावाकडची आठवण आली की फोटो टाकून रडायची. एकीनं विचारायचं, चौघींनी सांगायचं. एकमेकींचं तोंड कुणी बघितलं नव्हतं, पण कुणी कुणाला दळणाला पाठवत नव्हतं.

त्या थंडीत स्वप्नालीनं मिक्सरवर थोडीशी चटणी केली आणि रीतीप्रमाणे वाटीभर खाली पाठवली. पिराजीनं भाकरीला लावून खाल्ली, परत घेतली, आणि म्हणाला, "ही कुठली ग? भारी हाय."

झालं! इतक्या वर्षांच्या संसारात पिराजीनं शालूबाईच्या चटणीला 'भारी' म्हटलं नव्हतं. गुमान खायचा आणि उठायचा. शालूबाईच्या पोटात अशी आग पडली की मिरची न खाताच तिला ठसका लागला.

दुसऱ्याच दिवशी ती तौसीफच्या मोबाईलच्या दुकानात जाऊन उभी राहिली. "मला फेसबुक काढून दे. पण माझ्या नावाचं नको."

"मग कुणाच्या नावाचं, मावशी?"

शालूबाईनं इकडं तिकडं बघितलं. "आक्का टाक."

"आडनाव?"

"पन्हाळकर."

"पन्हाळ्याच्या का काय तुम्ही?"

"तू टाक की गप."

तौसीफनं टाकलं. फोटो म्हणून पन्हाळ्याच्या तटबंदीचा एक फोटो चिकटवला आणि ग्रुपात कसं शिरायचं तेही दाखवून दिलं. शालूबाईला तिथं शिकायचं नव्हतं, शिकवायचं तर त्याहून नव्हतं. तिला बघायचं होतं की पोरगी कुठं कुठं चुकतीय. चुकली की जिवाला जरा गार वाटलं असतं, एवढंच.

आणि पोरगी चुकत होतीच. तिनं विचारलं होतं, 'माझी चटणी मागनं कडवट लागते, काय करू?' खाली कुठल्यातरी शहाणीनं उत्तर दिलं होतं, 'चिमूटभर साखर घाल.'

"साखर!" शालूबाई एकटीच स्वयंपाकघरात ओरडली. "चटणीत साखर? मुडदा बशिवला तुझा!"

तिला राहवलं नाही. एका बोटानं अक्षर अक्षर शोधत तिनं लिहिलं, 'साखर घालू नका. कांदा काळा होईतो तळता म्हणून कडू होतंय. तांबूस झाला की खाली काढा आन परातीत पसरा. तो आपला आपण रंग धरतोय.' तांबूस म्हणजे कसा, असं चौघींनी विचारलं. मग शालूबाईनं खरंच कांदा तळला, मोठ्या परातीत पसरला आणि उन्हात नेऊन फोटो काढला. त्या फोटोला दिवसभरात एवढे अंगठे आणि बदाम आले की ती चारदा चष्मा पुसून मोजत बसली.

आणि मग काय! जी बाई घरात 'अंदाजानं' म्हणायची ती ग्रुपात मापं सांगायला लागली. मस्कतच्या वर्षाराणीनं विचारलं, 'आक्का, तुमची मूठ म्हणजे किती?' शालूबाईला ते स्वतःलाच माहीत नव्हतं. ती वाण्याच्या दुकानात गेली आणि त्याच्या काट्यावर आपली धण्याची मूठ, जिऱ्याची मूठ, मिठाची मूठ तोलून आली. वाण्याला वाटलं, बाईचं डोकं फिरलं. पण शालूबाईला पहिल्यांदाच कळलं की आपल्या हाताला काय काय ठाऊक हाय, आणि ते कळून तिला भारी वाटलं. तिनं नियम घालून दिले. पहिला नियम हा, की चटणीला पाण्याचा थेंब दाखवायचा नाही. कोथिंबीर धुतली तर कडकडीत सुकवायची, नाहीतर बुरा, म्हणजे बुरशी, आलाच म्हणून समजा. बायका तो नियम एकमेकींना सांगायच्या आणि खाली लिहायच्या, 'इति पन्हाळ्याच्या आक्का'.

सगळ्यात जास्त जीव लावला तो स्वप्नालीनं. ती आक्कांना एकट्यात निरोप पाठवायला लागली. रोज दुपारची भांडी झाली की शालूबाईचा फोन वाजायचा. 'आक्का, हायसा का?'

'हाय की, बोल बाळा,' असं आक्का लिहायची.

बाळा! समोरासमोर शालूबाईनं स्वप्नालीला कधी 'बाळा' म्हटलं नव्हतं, म्हणायला जीभच वळली नसती. फोनवर बोट वळत होतं. पोरीनं खोबरं कसं भाजायचं ते विचारलं, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची किती-किती घ्यायची ते विचारलं, आणि एकदा आई आठवते म्हणून नुसतंच काहीबाही लिहिलं. शालूबाई खाली उंबऱ्यावर बसून डोळे पुसत उत्तर देत होती आणि वर पोरगी नाक ओढत होती, ते जिन्यातनं ऐकू येत होतं. एवढं सगळं होऊन शालूबाई चार पायऱ्या चढून वर गेली का? नाव नको. सुंभ जळाला तरी पीळ जातोय होय?

आणि त्या पिळानंच घात केला. एका दुपारी स्वप्नाली कढीपत्ता मागायला खाली आली आणि बोलता बोलता म्हणाली, "ताई, आमच्या ग्रुपात पन्हाळ्याच्या आक्का म्हणून हायत. काय बाई हाय म्हणून सांगू! हातचं काही राखत न्हाय बघा."

'हातचं राखत न्हाय' हे शालूबाईला कानाखाली बसल्यासारखं लागलं. "माझ्याहून भारी चटणी करतीय का तुझी आक्का?"

स्वप्नालीनं तिच्याकडं बघितलं आणि हसली. "चटणी तुमची भारी हाय ताई. आक्का माणूस भारी हाय."

ती गेली आणि शालूबाई कढीपत्त्याची काडी हातात धरून तशीच उभी. आता हिचा जळफळाट कुणावर व्हावा? आक्कावर! अहो, आक्का म्हणजे तूच की, बाई! पण नाही. सांगितलं मी, अक्कल माझी, हात माझा, मूठ माझी, आणि पोरगी नाव घेतीय त्या पन्हाळ्याच्या सटवीचं. सवत असती तर निदान झिंज्या धरून भांडता आलं असतं. हिच्याशी भांडायचं कसं? शालूबाई रात्रीच्या भाकरी थापताना परातीवर असे हात आपटत होती की पिराजीनं ओसरीवरनं विचारलं, "भूकंप झाला काय ग?"

तरी हे सगळं निभलं असतं. पण चैत्र लागला आणि पिंपरीहून तेजस्वीचा फोन आला. लेकीला दरवर्षी आईच्या चटणीचा डबा जायचा. लग्न झालेल्या लेकीचं माहेर म्हणजे तो डबा, निदान शालूबाई तरी तसंच धरून चालली होती.

"आई, यंदा काकूची चटणी पाठव," तेजस्वी म्हणाली. "मागच्या खेपेला तिनं बाटलीभर दिलती, यांना लई आवडली."

"आन माझी?"

"तुझी पण पाठव की. थोडी."

थोडी! पोटच्या पोरीनं आईच्या चटणीला 'थोडी' म्हटलं. शालूबाईनं फोन ठेवला तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. नवरा गेला, नाव गेलं, आता लेक पण वरच्या मजल्यावर गेली असं तिला झालं. आणि पोरीला हे सगळं शिकवलं कुणी? आपणच! आपल्याच हातानं आपल्याच घराला आग लावली की!

ह्याच्यानंतर तीन-चार दिवसांनी स्वप्नालीची वर्षाची चटणी निघाली. मिरच्या तळून, मसाला भाजून, सगळं पोत्यात बांधून तयार. कुटायच्या यंत्राला, म्हणजे डंकाला, त्या दिवसांत ही गर्दी. दुपारचा नंबर लागला होता. आणि सकाळपासून आभाळ भरून आलं. ऊन म्हणून नाही.

शालूबाईचा फोन वाजला. 'आक्का, हायसा का? कोथिंबीर सुकली न्हाय. हाताला अजून ओली लागतीय. दुपारचा नंबर हुकला तर आठ दिवस मिळणार न्हाय. काय करू?'

उत्तर सोपं होतं. तव्यावर मंद आचेवर परतून घे, नाहीतर कोथिंबीर यंदा घालूच नको. शालूबाईला ते झोपेतही सांगता आलं असतं. तिनं 'तव्यावर' एवढं लिहिलंही. मग तिला 'थोडी' आठवलं. तिनं ते पुसलं आणि लिहिलं, 'घाल तशीच. डंकात रगडताना पाणी मरतंय.'

'बरं आक्का.' पुढं जोडलेले दोन हात.

थोड्या वेळानं स्वप्नाली पोती घेऊन जिना उतरली. दारात थांबून तिनं आत डोकावलं. "ताई, डंकावर जाऊन येतो!"

अजूनही वेळ होती. तोंड उघडायचं फक्त बाकी होतं. शालूबाई लसणाकडं बघत म्हणाली, "जा की."

पुढच्या आठवड्यात विजयसिंह कंपनीच्या कामाला पुण्याकडं निघाला, त्यानं दोन्ही डबे नेले. मोठा काकूचा, लहान आईचा. आणि त्यानंतर काही दिवसांतच तेजस्वीचा फोन आला.

"आई, काकूच्या चटणीला बुरा आला. वर पांढरं पांढरं. टाकून दिली सगळी. काकूला फोन केला तर तिकडच्या बरण्या पण गेल्या म्हणाली. लई रडत होती ग. आता कधी करणार न्हाय म्हणाली." मग जरा थांबून, "तू तुझी पाठव मोठा डबा."

घ्या! जिंकली शालूबाई. लेक परत आली, नाव परत आलं, आणि वरच्या मजल्यावर पुन्हा पुडीची चटणी येणार. पण गोडधोड करायचं राहिलं बाजूला. तिनं ग्रुप उघडला.

स्वप्नालीनं फुकट गेलेल्या बरण्यांचा फोटो टाकला होता. खाली लिहिलं होतं, 'चूक माझी हाय. कोथिंबीर ओली घातली. कुणी असं करू नका.' बेगमनं विचारलं होतं, 'अगं, आक्कांना तरी विचारायचंस की आधी!' आणि त्यावर स्वप्नालीचं उत्तर होतं, 'आक्कांनी बरोबर सांगितलतं. मीच ऐकलं न्हाय.'

शालूबाईनं ते दोनदा वाचलं. मग उठली आणि जिना चढली.

वर स्वप्नाली बरणी उलटी करून चटणी पोत्यात ओतत होती. डोळे सुजलेले, हात कोपरापर्यंत लाल. शालूबाईला बघून ती थांबली नाही.

"असं कसं झालं ग?" शालूबाई म्हणाली. आवाज तिचा तिलाच खोटा लागला.

स्वप्नालीनं हात धुतले, पुसले, आणि मोबाईल तिच्यापुढं धरला. पडद्यावर आक्कांचा पहिला फोटो होता, तांबूस कांद्याचा. तिनं दोन बोटांनी तो मोठा केला. परातीच्या काठावर ठिपक्याठिपक्यांत कोरलेलं स्पष्ट दिसत होतं, 'सौ. चिमणाबाई'. शेजारी ओट्यावर त्याच नावाचं पातेलं उपडं घातलेलं होतं.

शालूबाईनं पातेल्याकडं बघितलं, मग फोटोकडं. "कधी कळलं तुला?"

"त्याच दिवशी."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोललो असतो तर आक्का गेल्या असत्या. तुम्ही राहिला असतासा. आन तुम्ही मला दळणाला पाठवतासा, ताई." स्वप्नाली शांतपणे बोलत होती, ते शालूबाईला जास्त लागत होतं. "कढीपत्ता न्यायला आलतो तवा मुद्दाम बोललो, की आता तरी सांगशीला. न्हाई सांगितलंसा. म्हटलं राहू दे. फोनवर का असंना, माया करतात न्हवं."

"स्वप्नाली..."

"ओली कोथिंबीर घाल, असं बेगम म्हणाली असती तर मी दहाजणींना विचारलं असतं. पहिला नियमच हाय तो. पण तुम्ही म्हटलासा. म्हटलं ताईच हायत, त्यांना काहीतरी ठाऊक असणार. तुम्ही म्हटलासा म्हणून घातली."

शालूबाईनं तोंडाला पदर लावला. "मला बघवलं न्हाय ग," ती म्हणाली. "तेजस्वीनं तुझी मागितली आन माझी थोडी म्हणाली. मला बघवलंच न्हाय. जळलो मी." मग घाईघाईनं, "आपण परत करू. मिरची मी आणतो, भाजायला मी बसतो, तू समोर बसून बघ सगळं..."

"तुम्ही नको," स्वप्नाली म्हणाली. "पन्हाळ्याच्या आक्का असल्या तर पाठवा वर." आणि ती परत बरणीकडं वळली.

शालूबाई खाली आली. तिनं फोन घेतला आणि एका बोटानं ग्रुपात लिहिलं, 'ओली कोथिंबीर घाल असं मीच सांगितलतं. पोरीची चूक न्हाय. मला तिचं बघवलं न्हाय म्हणून सांगितलं. मी पन्हाळ्याची न्हाय. मी शालूबाई, कसबा बावडा, तिची थोरली जाऊ.' पाठवलं आणि फोन कमरेला खोचला. आपल्या वाटणीच्या राखून ठेवलेल्या मिरच्या तिनं सासूबाईंच्या परातीत ओतल्या, परात उचलली आणि जिन्याच्या मधल्या पायरीवर येऊन देठ खुडत बसली. वर जायचं तोंड नव्हतं आणि खाली बसवत नव्हतं.

फोन वाजत राहिला. बेगम असंल, वर्षाराणी असंल, शिव्या असतील. तिनं बघितलं नाही. पिराजी येऊन खालनं बघून गेला. देठांचा ढीग पायरीवर वाढत गेला आणि तिखटानं बोटं चुरचुरायला लागली.

मग फोन पुन्हा वाजला, आणि त्याच वेळी वर पाटा सरकवल्याचा आवाज आला. शालूबाईनं फोन काढून बघितला.

'आक्का, हायसा का?'

तिनं बोट पुढं नेलं. मग फोन पायरीवर उपडा ठेवला, हात पदराला पुसले, आणि वरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हाय की. बोल बाळा."